अर्ध्या वाक्यावर उठलेला दुभाषी

एकदा एक शिष्य आपल्या गुरूपेक्षा जलद इंग्रजी बोलू लागला, आणि जलद बोलता येणे म्हणजेच भाषा येणे अशी त्याची समजूत झाली. पुढे जे घडले ते या समजुतीमुळे घडले, म्हणून ती आधी सांगितली.

गुरू म्हणजे शिरगुप्पे सर. कोल्हापूरच्या पश्चिमेला, जिथे उसाची शेते संपतात आणि डोंगर सुरू होतात, तिथल्या एका तालुक्याच्या गावी त्यांनी सारी हयात इंग्रजी शिकवण्यात घालवली होती. निवृत्त झाल्यावरही त्यांच्या ओसरीवरचा वर्ग थांबला नव्हता. ज्याला शिकायचे असेल त्याने यावे, सतरंजीवर बसावे आणि विचारावे.

शिष्याचे नाव रेवण. वडिलांचे बाजारपेठेत सायकल दुरुस्तीचे दुकान होते. मुलगा एम. ए. झाला, आणि तोही इंग्रजीत, याचे सगळ्या पेठेला कौतुक होते. सरांच्या हाताखालून गेलेल्या मुलांत एवढा तल्लख विद्यार्थी दुसरा नव्हता. काळ, प्रयोग, शब्दयोगी अव्यये, सगळे त्याला तोंडपाठ. एका प्रकरणाचा मात्र त्याला कंटाळा होता, आणि ते म्हणजे मिश्र वाक्य. एक प्रधान वाक्य, त्याला जोडलेले एक गौण वाक्य. त्यांना जोडणारे ‘इफ’, ‘बिकॉज’, ‘ऑल्दो’, ‘अनलेस’. प्रधान वाक्य एकटे उभे राहू शकते, गौण वाक्य राहू शकत नाही, ही व्याख्या त्याने पाठ केली होती.

“सर,” तो एकदा हसत म्हणाला होता, “जे एकटं उभंसुद्धा राहू शकत नाही, त्याचं एवढं कौतुक कशाला? मुद्दा तर प्रधान वाक्यातच असतो.”

सरही हसले होते. पुष्कळ गोष्टी माणसाला सांगून कळत नाहीत, हे त्यांना शिकवून शिकवून ठाऊक झाले होते.

त्या हिवाळ्यात गावातल्या धर्मादाय दवाखान्यात एक शिबिर भरले. जन्मतः ओठ दुभंगलेल्या मुलांवर तिथे विनामूल्य शस्त्रक्रिया व्हायच्या होत्या. त्यासाठी स्कॉटलंडहून ॲग्नेस नावाच्या एक वयस्क शल्यविशारद आल्या होत्या. त्यांना मराठी येत नव्हते आणि डोंगरातून येणाऱ्या आयांना इंग्रजी येत नव्हते. दवाखान्याने सरांना दुभाषी होण्याची विनंती केली. सरांना अलीकडे कमी ऐकू येई. ते म्हणाले, “माझा रेवण येईल. त्याचे कान तरुण आहेत.” स्वतः सर व्हरांड्यात एका बाकावर बसत आणि भांबावलेल्या नातेवाइकांना पाणी कुठे आहे, मूल कुठे निजवायचे, एवढे सांगत.

पहिल्याच दिवशी रेवणचे नाव झाले. डॉक्टर बाई लांबलचक वाक्य बोलत आणि तो चार शब्दांत ते आईच्या पदरात टाकी. डॉक्टर म्हणत, “आठवड्याने टाके काढू, पण तोवर जखमेवर माशी बसू देऊ नका, कारण तिथे पू झाला तर सगळं परत करावं लागेल.” रेवण म्हणे, “आठवड्यानं टाके निघतील.” आई मान हलवी आणि रांग पुढे सरके. दवाखान्याच्या सिस्टर म्हणाल्या, “ह्या पोरानं रांग कशी सरसर पुढं नेली बघा!” ते ऐकून रेवणला बरे वाटले, आणि त्याचा वेग आणखी वाढला. जे गळले होते त्यातून त्या दिवशी काही बिघडले नाही. बऱ्याच गोष्टी सिस्टर आपणहून पुन्हा सांगत होत्या. चूक निभावून जाते तेव्हाच तिची सवय होते.

शस्त्रक्रियांच्या शेवटच्या दिवसाची आदली संध्याकाळ. रांग संपली असे वाटत असतानाच धनगरवाड्यावरून एक बाई आली. नाव हौसा. तिच्या पदराखाली सहा महिन्यांची मुलगी होती, गौरा. हौसाने पदर बाजूला करण्यापूर्वी आजूबाजूला कोण बघते आहे का, हे पाहून घेतले. गौराचा वरचा ओठ नाकपुडीपर्यंत दुभंगलेला होता. डोळे मात्र टपोरे आणि हसरे.

डॉक्टर ॲग्नेस यांनी मुलीची छाती तपासली, वजन पाहिले आणि त्यांचा थकलेला चेहरा उजळला. उद्या सकाळच्या यादीतले पहिले बाळ सर्दीमुळे परत पाठवले होते. ती जागा रिकामी होती. त्या म्हणाल्या, “वी विल ऑपरेट ऑन हर टुमॉरो मॉर्निंग, इफ शी इज नॉट फेड आफ्टर डॉन.”

उद्या सकाळी शस्त्रक्रिया करू, पण उजाडल्यानंतर तिला दूध दिले नाही तरच, असा त्याचा अर्थ. रेवण ‘मॉर्निंग’पर्यंतच थांबला होता. ‘इफ’ उच्चारला गेला तेव्हा त्याचे तोंड हौसाकडे वळलेलेसुद्धा होते.

“उद्या सकाळी ऑपरेशन. घाबरू नका,” तो म्हणाला.

हौसाने हात जोडले. तिचा आनंद पाहून डॉक्टरांना वाटले, सगळे पोचले. सिस्टर औषधांच्या खोलीत होत्या. दुभाषी सांगतोच आहे म्हणून त्यांनीही पुन्हा सांगितले नाही.

सकाळी कोल्हापूरहून आलेले भूलतज्ज्ञ गौराला तपासायला वाकले आणि त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला, “शेवटचं दूध कधी पाजलं?”

“आत्ताच की,” हौसा म्हणाली. तिच्या आवाजात अभिमान होता. “आज लेकराला एवढं सोसायचं हाय, म्हटलं उपाशी कशाला ठेवू? बोंडल्यानं पोटभर पाजलं.”

भूलतज्ज्ञ सरळ उभे राहिले. “भूल दिल्यावर पोटातलं दूध वर आलं आणि श्वासनळीत गेलं, तर पोर हाताला लागायची नाही,” ते म्हणाले. “आता हिला घेता येणार नाही. पुढच्याला आणा.”

हौसाला आधी काही कळलेच नाही. कळले तेव्हा ती भिंतीला टेकली. सिस्टर वैतागून बोलल्या, “किती वेळा सांगायचं तुम्हा लोकांना! आज शेवटचा दिवस आहे. परत हे लोक कधी येतील, येतील का नाही, कुणाला ठाऊक?”

हौसाने मुलीला पदराखाली घेतले आणि म्हणाली, “माजंच चुकलं.”

रेवण दारात उभा होता. डॉक्टर ॲग्नेस हातमोजे चढवत त्याच्याकडे वळल्या आणि त्यांनी विचारले, “तू तिला सांगितलं होतंस ना?”

“मी तिला ऑपरेशनबद्दल सांगितलं होतं,” रेवण म्हणाला.

हे वाक्य खोटे नव्हते. डॉक्टरांनी मान हलवली आणि त्या आत गेल्या.

रेवण व्हरांड्यात आला. सरांच्या कानाशी वाकून तो म्हणाला, “सर, एका बाईनं सकाळी पोरीला पाजलं. ऑपरेशन रद्द झालं.”

“कुठल्या बाईनं?”

“काल शेवटी आली होती ती. धनगरवाड्यावरची.”

सरांनी त्याच्या चेहऱ्याकडे पाहिले. पुष्कळ वर्षे मुलांचे चेहरे वाचलेला माणूस तो. त्यांना आणखी काही विचारावे लागले नाही. ते म्हणाले, “जा, तिच्यापाशी बस. तिची सगळी हकीकत ऐक. मग इथे येऊन मला ती इंग्रजीत सांग. पण एक पथ्य पाळायचं. एकही गौण वाक्य वापरायचं नाही. ‘बिकॉज’ नको, ‘इफ’ नको, ‘व्हेन’ नको, ‘ऑल्दो’ नको. सगळी प्रधान वाक्यं.”

रेवण बघतच राहिला. एका मुलीची शस्त्रक्रिया चुकली आहे, आणि सरांना व्याकरणाचा धडा सुचतो आहे! वय झाले म्हणायचे का? पण सरांच्या शब्दाला ‘का’ विचारायची त्याला सवय नव्हती, आणि त्या क्षणी धाडसही नव्हते. तो गेला.

हौसा आवारातल्या नळाजवळच्या कट्ट्यावर बसली होती. रेवण शेजारी बसला. ती आपणहूनच बोलू लागली. बोलताना ती रेवणकडे पाहत नव्हती, मांडीवरच्या लेकीकडे पाहत होती.

“ही पोटात हुती, गिराण लागलं हुतं, तवा मी इळीवर भाजी चिरली, म्हणून हिचा व्हट फाटला, असं सासू म्हणती. गिराण हाय ते मला ठावं नव्हतं. कुणी सांगितलंच न्हाई. पर चिरली ती मीच न्हवं? हिचा जलम झाला तवा कुणी बघाय आलं न्हाई. बारशाला मी हिला पदराखालीच ठेवली. मालक हमालीला कोल्हापुरात असत्यात. नको म्हणत हुतं, तरी मी आले. का? तर उद्या ही मोठी झाली, आरशात बघाय लागली, आन इचारलं, आई तू काय केलंस ग, तर मी काय सांगू?” ती थांबली. गौराच्या कपाळावरून तिने हात फिरवला. “आन आज बी बघा. परत माज्याच हातनं झालं.”

रेवण उठला आणि व्हरांड्याकडे निघाला.

सरांसमोर तो लहानपणी उभा राही तसा उभा राहिला आणि सांगू लागला. इंग्रजीत तो जे बोलला त्याचा मराठी अर्थ असा: “एका बाईने भाजी चिरली. तिला मुलगी झाली. मुलीचा ओठ दुभंगलेला आहे. बाई डोंगर उतरून आली. बाईने मुलीला दूध पाजले. शस्त्रक्रिया रद्द झाली.”

“झालं?”

“झालं, सर.”

“यातलं खोटं काय आहे?”

“काहीच नाही.”

“मग तुझा चेहरा असा का?”

“सर, हे असं ऐकलं तर सगळं त्या बाईनंच केलं असं वाटतं.”

“आणि तू कुठे आहेस यात?”

“मी यात कुठेच नाही, सर.”

सरांनी त्याला बाकावर बसायला जागा करून दिली. मग ते सावकाश बोलले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर रेवणला सोपे गेले असते.

“बाळ, आपल्या भाषेत ‘जर’ आधी येतो आणि ‘तर’ मागून. उपाशी ठेवलंस तर ऑपरेशन होईल, असं आपण म्हणतो. निकाल ऐकण्याआधी अट कानावरून जातेच. सुटायचं म्हटलं तरी सुटत नाही. इंग्रजी माणूस पुष्कळदा निकाल आधी सांगतो आणि अट त्याच्यामागून येते. तू मराठी कानांनी इंग्रजी ऐकलंस. निकाल आला, म्हणजे वाक्य संपलं असं समजून उठलास. ही चूक कुणाचीही होईल.

“पण तुझी दुसरी एक चूक आहे, आणि तिच्यात माझाही वाटा आहे. ‘गौण’ हा शब्द मी तुला शिकवला. तू त्याचा अर्थ ‘कमी मोलाचं’ असा घेतलास, आणि मी तेव्हा हसून सोडून दिलं. व्याकरणात गौण म्हणजे एवढंच, की ते दुसऱ्याच्या आधारानं उभं आहे. आधारानं उभं असणाऱ्याला टाकून द्यावं, असं कुठल्या व्याकरणात लिहिलंय? ती सहा महिन्यांची पोर आधारानंच जगते आहे. मी ही काठी टेकल्याशिवाय चालू शकत नाही. माणसानं काय केलं ते प्रधान वाक्य सांगतं. का केलं, काय ठाऊक नसताना केलं, कुणी न सांगितल्यामुळे केलं, हे सगळं गौण वाक्यात असतं. तेवढं गाळलं की निरपराध माणूस अपराधी दिसायला लागतो, आणि अपराधी दिसेनासा होतो.”

रेवणच्या डोळ्यांत पाणी आले होते.

“आता पथ्य सोड,” सर म्हणाले. “आणि पूर्ण वाक्य मला सांगू नकोस. मला ते कळलंय. ज्यांना कळलेलं नाही त्यांना सांग.”

डॉक्टर ॲग्नेस दोन शस्त्रक्रियांच्या मधे उभ्यानेच चहा पीत होत्या. रेवण त्यांच्यासमोर गेला. आपण आता जे बोलणार आहोत त्यानंतर हे काम आपल्याकडे राहणार नाही, गावात तोंड दाखवणे अवघड होईल, हे त्याला दिसत होते. तो म्हणाला, “शी फेड द चाइल्ड बिकॉज आय डिड नॉट टेल हर.” मी तिला सांगितले नाही, म्हणून तिने पाजले. “तुम्ही ‘इफ’ म्हणालात तेव्हा मी ऐकायचं थांबवलं होतं. आणि सकाळी तुम्ही विचारलंत तेव्हा, खरं बोललो तर तुम्ही मला वाईट समजाल म्हणून, मी अर्धंच बोललो.”

डॉक्टरांनी कप खाली ठेवला. त्या संतापल्या होत्या, आणि तो संताप त्यांनी लपवला नाही. “त्या आईनं खरं उत्तर दिलं नसतं तर आज ती मुलगी माझ्या टेबलावर गेली असती. कळतंय तुला?”

“हो.”

डॉक्टरांनी भूलतज्ज्ञांना बोलावले. दोघांचे बोलणे झाले, दिवसभराची नावे पाहून झाली. भूलतज्ज्ञांना रात्रीपर्यंत कोल्हापूरला पोचायचे होते; तरी ते म्हणाले, “थांबतो मी.” डॉक्टर रेवणकडे वळल्या आणि बोलू लागल्या. या वेळी तो हलला नाही. त्यांचे शेवटचे अक्षर संपल्यानंतरही क्षणभर थांबला. मग त्याने ते सारे इंग्रजीतच पुन्हा म्हणून दाखवले आणि विचारले, “असंच ना?” डॉक्टर म्हणाल्या, “असंच.”

तो हौसाकडे गेला. “नीट ऐका,” तो म्हणाला. “दुपारचं जेवण वाटतात तोवर गौराला पाजा. त्यानंतर जर तिच्या पोटात दुधाचा थेंबही गेला नाही, जर तिला ताप चढला नाही, आणि जर मधे दुसऱ्या कुठल्या बाळाला जास्त वेळ लागला नाही, तर सगळ्यांच्या शेवटी, संध्याकाळी, तिचं ऑपरेशन करतील. यातलं एक जरी चुकलं तरी करणार नाहीत. उगीच आशा लावायची म्हणून सांगत नाही.”

हौसा श्वास रोखून ऐकत होती.

“आणखी एक,” रेवण म्हणाला. “डॉक्टरांनी कालच सांगितलं होतं की पाजू नका. मी ते तुम्हाला सांगितलं नाही. मी सांगितलं नाही, म्हणून तुम्ही पाजलंत. तुमचं काही चुकलेलं नाही. चुकलं ते माझं.”

ती शिव्या देईल, निदान तोंड फिरवील, असे त्याला वाटले होते. तसे काही झाले नाही. एवढ्या दिवसांत कुणीतरी पहिल्यांदाच तिच्यावरचा दोष उचलून घेतला होता, आणि एक दोष उचलला गेला म्हटल्यावर तिच्या मनात दुसऱ्याबद्दल धीर आला.

“दादा,” ती हळूच म्हणाली, “मग गिराणाचं बी इचारा की डाक्टरबाईस्नी.”

रेवणने विचारले. काहीही न गाळता विचारले: सासू काय म्हणते, ग्रहण आहे हे हिला कुणी सांगितले नव्हते, आणि बारशालाही मूल पदराखाली का होते. डॉक्टर ऐकत असताना त्यांचा चेहरा मऊ झाला. त्या हौसाजवळ आल्या, तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, “इट डिड नॉट हॅपन बिकॉज यू कट द व्हेजिटेबल्स.”

रेवण थबकला. ‘इट डिड नॉट हॅपन’ हे प्रधान वाक्य. ते एकटे घेतले तर अर्थ होतो, हे घडलेच नाही. पण घडले तर आहे. ओठ समोर दिसतो आहे. नकार बसला होता प्रधान वाक्यात, पण तो बोलत होता ‘बिकॉज’शी. डॉक्टर त्या ‘म्हणून’लाच नाही म्हणत होत्या. त्याने शब्द मनात जुळवले आणि सावकाश म्हणाला, “तुम्ही भाजी चिरलीत म्हणून हे झालेलं नाही.” डॉक्टर आणखी बोलल्या, तेही त्याने सांगितले: “बाई म्हणतात, त्यांच्या देशात ग्रहण कुणी पाळत नाही, तरी तिथेही अशी मुलं जन्मतात. आईनं काही केलं म्हणून नव्हे.”

“परत सांगा,” हौसा म्हणाली.

त्याने परत सांगितले. तिने पदर तोंडाला लावला, आणि सकाळपासून जी रडली नव्हती ती आता हमसून हमसून रडली.

दुपारनंतरचा काळ कठीण गेला. गौराला भूक लागली. आईच्या अंगाला दुधाचा वास येई, त्यामुळे आईकडे दिली की ती अधिकच आकांत करी. शेवटी रेवणने तिला घेतले. ज्याने कधी तान्हे मूल हातात धरले नव्हते तो तरुण तिला खांद्यावर टाकून व्हरांड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरत राहिला. तिच्या लाळेने त्याचा सदरा भिजला. मधेच डॉक्टर हाक मारीत. मग तो मुलगी सरांच्या मांडीवर देई, आत जाऊन एखाद्या आईला सगळी वाक्ये पूर्ण सांगून येई, आणि तिला परत घेई. आता रांग हळू सरकत होती. सिस्टर घड्याळाकडे बघत, पण काही बोलत नव्हत्या.

दिवेलागणीच्या सुमाराला गौराला आत नेले.

बऱ्याच वेळाने दार उघडले. डॉक्टर ॲग्नेस स्वतः मुलीला घेऊन आल्या. ओठ सुजलेला होता, त्यावर बारीक काळे टाके होते. पण तो एक ओठ होता. हौसाने वाकून पाहिले, आणि पाहतच राहिली.

“अगं बया,” ती पुटपुटली, “ही तर माज्या आईसारखी हाय. आजवर दिसलंच न्हाई मला.”

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहुणे निघाले. सामान जीपमध्ये चढले होते, चालकाने इंजिन सुरू केले होते, कोल्हापुरात पुढची गाडी गाठायची होती. इतक्यात हौसा मुलीला कडेवर घेऊन धावत आली. आज मूल पदराखाली नव्हते.

“दादा, डाक्टरबाईस्नी सांगा माजं,” ती म्हणाली.

“बाई, उशीर होतोय,” चालक म्हणाला.

“इंजिन बंद करा,” रेवण म्हणाला. त्याने चालकाकडे पाहिलेही नाही. “बोला तुम्ही.”

हौसा बोलू लागली, आणि एकदा लागली ती थांबेना. “त्यास्नी म्हणावं, तुमी एवढ्या लांबनं आला म्हणून माज्या लेकीला तोंड मिळालं. त्या भुलीच्या डाक्टरांनी इचारलं म्हणून ती वाचली. मला कुणी सांगितलं न्हवतं ते गिराणाचं तुमी सांगितलं, म्हणून मी आता सासूम्होरं मान वर करून जाईन. आन ह्या दादानं सोताची चूक तुमच्याम्होरं कबूल केली, म्हणून तर हे समदं झालं. न्हाईतर मी कालच डोंगर चढले असते. त्याच्यावर रागावू नगा. त्यानं दिवसभर हिला खांद्यावर घेतली.”

रेवण एकेक वाक्य इंग्रजीत सांगत गेला. डॉक्टर एवढ्या लांबून आल्या, ते त्याच्या इंग्रजीत आले. भूलतज्ज्ञ आले. ग्रहण आले. सासू आली. आणि मग तो अडखळला. त्याने मागे पाहिले. सर व्हरांड्याच्या पायरीवर उभे होते. त्यांना शब्द ऐकू आले असतील की नाही कोण जाणे. शिष्य कुठे अडला ते त्यांना दिसले होते.

“पुढचं माझ्याबद्दल आहे, सर,” रेवण ओशाळून म्हणाला. “राहू दे ना ते.”

“गाळू नकोस,” सर म्हणाले. “ते तिचं आहे.”

रेवणने खाली मान घालून तेही सांगितले, शेवटपर्यंत. डॉक्टर ॲग्नेस जीपमधून उतरल्या. त्यांनी गौराच्या डोक्यावर हात ठेवला, हौसाचे दोन्ही हात हातात घेतले, आणि मग रेवणकडे वळून त्या एवढेच म्हणाल्या, “तिला सांग, तिनं खरं उत्तर दिलं म्हणून मीही तिची ऋणी आहे.”

रेवणने ते हौसाला सांगितले. एवढ्या मोठ्या डॉक्टर आपले ऋण मानतात, हे तिला खरे वाटेना. तिने सरांकडे पाहिले. सरांनी मान डोलावली.

जीप गेली. हौसाही डोंगराच्या वाटेला लागली. जाताना वाटेत भेटणाऱ्या प्रत्येकाला ती मुलीचे तोंड दाखवत होती. सर पायरीवर बसले आणि रेवण त्यांच्याशेजारी बसला. त्याला सरांचे आभार मानायचे होते, पण ‘सर’ एवढे म्हणून त्याचे शब्द संपले.

सर थांबले. त्यांना घाई नव्हती.

“सर,” तो पुन्हा म्हणाला, “तुम्ही काल रागावला नाहीत, म्हणून मला आत जाऊन बोलता आलं.”

वृद्ध गुरूने त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि काठी टेकत घराची वाट धरली. शिष्य त्यांच्या चालीने, हळूहळू, त्यांच्याबरोबर चालू लागला.

आपलेही काही चांगले झाले, तर ‘झाले’ एवढ्यावर वाक्य मोडू नये. कुणामुळे झाले, तेही म्हणावे.